कुकाऱ्याला उत्तर

आमची पोस्ट साडेतेरा हजार फुटांवर होती. आमच्या वरोर गावात सांगताना मी अठरा हजार सांगतो. वरोरला समुद्रापेक्षा उंच जागा म्हणजे किनाऱ्यावरची वाळूची टेकाडं. त्यामुळे साडेचार हजार इकडे की तिकडे, मोजायला कोणी येत नाही. थंडीचंही तसंच. मगात चहा ओतला की वरचा थर बर्फ व्हायचा, खालचा थर जीभ पोळायचा, आणि प्यायच्या लायकीचा चहा मधे बोटभर मिळायचा. आमचे सुभेदार साहेब सकाळी मिशी मोडून चहात टाकायचे आणि ती वितळली की पुन्हा लावायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साल बासष्ट. मी इन्फंट्री बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये सिपाही. काम टेलिफोन ऑपरेटरचं. कंपनी हेडक्वार्टरच्या बंकरमध्ये लाकडी खोक्याएवढा टेलिफोन, त्याला फिरवायचा दांडा. एक लाईन मागे बटालियनला जायची, एक पुढे कड्यावरच्या प्लाटूनला. आमच्या कंपनीचं टेलिफोनवरचं नाव ‘टायगर’. भरतीच्या वेळी मी हवालदाराला सांगितलं होतं की मी जहाजाचा कप्तान होतो. होडी होती बापाची, आणि मी तिच्यात पाणी उपसायला बसायचो. पण हवालदार विदर्भाचा, त्याला होडी आणि जहाज सारखंच. तेव्हापासून सगळी पलटण मला कप्तान म्हणायची. खुद्द कॅप्टन साहेबांना ते फारसं आवडायचं नाही.

माझ्या लाईनीची देखभाल करायचा बारक्या. सिपाही बारक्या, लाईनमन, गाव उधवा. बॉम्बगोळ्याने, बर्फाने किंवा खेचराच्या खुराने लाईन तुटली की तारेचा ड्रम पाठीवर घ्यायचा, जमिनीवरची तार हाताच्या मुठीतून सरकवत चालत जायचं, तुटलेली जागा सापडली की टोकं सोलून गाठ मारायची, आणि खांद्यावरचा छोटा टेलिफोन तारेला लावून मला सांगायचं, ‘टायगर, टेस्टिंग.’ मी म्हणायचो, ‘टायगर ओके.’ झालं. गाठ मारायला त्याला मीच शिकवली होती. जाळ्याच्या दोराची गाठ, ओली झाली की आणखी आवळते. सिग्नलच्या पुस्तकात तसली नाही. ट्रेनिंगच्या उस्तादाने ती पाहिली, ओढली, दोन जवानांकडून ओढवली, शेवटी खेचराला बांधून ओढवली. खेचर थकलं.

‘टायगर’ म्हणताना बारक्या आवाज खाली घ्यायचा. त्याच्या पाड्याबाहेर वाघदेवाचं शेंदूर फासलेलं लाकूड होतं, लहानपणापासून त्याच्यापुढे हात जोडलेले. वाघाला असं टेलिफोनवरून हाका मारत बोलवणं त्याच्या मनाला पटायचं नाही.

“हळू काय बोलतोस? ऐकू येत नाही!” मी ओरडायचो.

“वाघाला येतं,” तो म्हणायचा.

एवढंच. दिवसभरात तो वीस शब्द बोलला तर त्या दिवशी पगार झाला असं समजायचं. त्याचे राहिलेले शब्द मी वापरायचो.

आमची ओळख बाजारातली. माझी आई वरोरहून सुके बोंबील आणि जवळा डोक्यावर घेऊन तलासरी, उधव्याच्या बाजाराला जायची. दुसरी पाटी माझ्या डोक्यावर. आई तीन भाषांत धंदा करायची. गिऱ्हाइकाला बोलवायची वारली बोलीत, भाव करायची मराठीत आणि शिव्या द्यायची गुजरातीत, म्हणजे ज्याला द्यायच्या त्याला कळो न कळो, ठसका पोहोचायचा. बारक्या आमच्या शेजारी जळणाच्या मोळ्या घेऊन बसायचा. त्याचा बाप उधव्याजवळच्या एका पाड्याचा भगत. आजारी माणूस, हरवलेलं ढोर, रुसलेला देव, सगळं त्याच्याकडे यायचं. तो सुपात तांदळाचे दाणे टाकायचा, दाणे कसे पडले ते बघायचा आणि काय अडलंय ते सांगायचा. आईचा डॉक्टरपेक्षा त्याच्यावर विश्वास जास्त. डॉक्टर डहाणूला होता, आणि तो बोंबील घेत नसे.

बारक्यानेही भगत व्हायचं असं ठरलेलं होतं. शिकणारी पोरं भगताच्या हाताखाली काही दिवस उपास धरून बसतात, देवाची लांबलचक गाणी पाठ करतात, आणि मग पाड्यासमोर म्हणतात. बारक्याला सगळी गाणी पाठ होती. त्याची पाळी आली, पाडा गोळा झाला, आणि आवाज बाहेर पडेना. तो तोंड उघडून बसला. एक म्हातारी हसली. मग तो उठला, लोकांमधून वाट काढत निघून गेला, आणि शिकणं अर्धवट राहिलं ते राहिलं. पुढे डहाणूला भरतीची पार्टी आली तेव्हा मी होडीतलं पाणी उपसून कंटाळलो होतो आणि त्याला पाड्यात तोंड दाखवायचं नव्हतं. दोघेही पास झालो. छाती मोजताना मी इतका श्वास भरला की फीत तुटली. तेही पाहिलेले लोक आहेत.

ट्रेनिंगला जायच्या आधी आई म्हणाली, भगताला दाखवून ये. पोरगा कशाला जन्माला आलाय ते कळू दे. मासे मारायला आलेला असेल तर तिकडे बंदूक कशाला मारायची?

म्हणून आम्ही तिघे उधव्याला गेलो. पाड्याच्या वेशीवर आल्यावर बारक्या थांबला.

“काय झालं?” मी विचारलं.

“कुकारा द्यायचा.”

त्यांच्याकडे रीत अशी की बाहेरून येणाऱ्याने वेशीवरून लांब हाक घालायची. कूऽऽऽ करून आवाज ओढायचा, म्हणजे टेकडीपलीकडेही जातो, आणि त्याच्या शेवटी काय सांगायचं ते एकेक शब्द तोडून. पाड्यातून उलटा कुकारा आला की मग आत पाऊल टाकायचं. असे निरोप पाड्यावरून पाड्यावर जातात.

“मग दे की,” मी म्हणालो. “घर तुझं.”

“तू दे, दाम्या. मना आवाज नाय निघत.”

मी दिला. होडीवरून दुसऱ्या होडीला ओरडायची सवय, तेव्हा पलीकडे गुजरातेतली कुत्री भुंकली. पाड्यातून काही आलं नाही. मी पाऊल उचललं.

“ऐकलं असेल त्यांनी. चल.”

बारक्याने माझा सदरा धरला. “उत्तर नाय आलं.”

“अरे, एवढ्या मोठ्यांदा ओरडलो, मेलेलाही उठेल!”

“उत्तर आल्याबिगर हलायचं नाय.”

उन्हात उभे राहिलो. आई पाटी खाली ठेवून बसली आणि गुजरातीत बोलू लागली. बऱ्याच वेळाने टेकडीकडून म्हाताऱ्याचा कुकारा आला, तेव्हाच बारक्याने माझा सदरा सोडला.

भगताने आधी माझे दाणे पाहिले. सुपात टाकले, बोटाने बाजूला केले, जोड्या लावल्या, माझ्याकडे पाहिलं.

“हा बोलेल,” तो म्हणाला.

आई म्हणाली, “बाबा, एवढं बघायला तांदूळ कशाला वाया घालवले?”

म्हातारा दात नसलेल्या तोंडाने हसला. मग बारक्या पुढे येऊन बसला. बापाने मूठभर दाणे घेतले, मुलाकडे पाहिलं, दाणे सुपात टाकले आणि त्यांच्याकडे न बघताच सूप पालथं केलं. दाणे जमिनीवर सांडले. कोंबड्या आल्या. म्हातारा उठून बाहेर गेला. कोणी काही बोललं नाही. माझी आईसुद्धा नाही, यावरून काय ते समजावं.

डहाणू रोडला गाडीत बसल्यावर सुरत येईपर्यंत बारक्या खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “बानं तुना सांगितलं. माझं सूप पालथं केलं.”

“त्याचं काय?”

“म्हणजे माझ्यात बघायला काय नाय. मी कशासाठीच नाय.”

ही गोष्ट त्याच्या मनात रुतली. त्यानंतरच्या चार वर्षांत त्याने ती पुन्हा दोन-तीनदाच बोलून दाखवली असेल, पण ती त्याच्याबरोबर चालायची. परेडला, मेसमध्ये, तारेच्या मागे. मला कोणी सांगितलं असतं की तू कशासाठीच नाहीस, तर मी त्या आनंदात दोन दिवस झोपलो असतो. त्याला ते जमत नव्हतं.

पलटणीत पंडितजी होते. रविवारी मंदिरात प्रवचन असायचं. एकदा बारक्याने मला पुढे घातलं. मी विचारलं, “पंडितजी, माणूस कशासाठी जन्माला आलाय ते कसं कळतं?”

पंडितजींना वाटलं मी चेष्टा करतोय, कारण एरवी मी चेष्टाच करायचो. मग त्यांनी बारक्याचा चेहरा पाहिला आणि नीट उत्तर दिलं. “जे काम समोर आलं ते मन लावून करावं. तीच पूजा. फळाकडे बघू नये.”

बाहेर आल्यावर बारक्या म्हणाला, “समोर लाईन आहे. लाईन कुणीपण जोडतो.”

पुढे डोंगरात गेल्यावर जळण आणायच्या कामाला, म्हणजे फटीगला, गेलो असताना एका गोंपापाशी, बौद्ध मठापाशी, थांबलो. दारात एक म्हातारा लामा बसला होता. बारक्या त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला आणि मला म्हणाला, विचार. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण तेवढ्यावरून मी कधी मागे हटलेलो नाही. मी हातवारे केले, आकाशाकडे बोट दाखवलं, बारक्याच्या छातीकडे दाखवलं, पाळणा हलवला, चिता पेटवली. लामाने दोन शब्द उच्चारले आणि खारट चहाचा वाडगा पुढे केला.

“काय म्हणाला?” बारक्याने विचारलं.

“म्हणाला, हा जवान मागच्या जन्मी मोठा राजा होता. पुढच्या जन्मी सुरमई होणार आहे. मधला जन्म विश्रांतीचा आहे, तेव्हा फार विचार करू नये.”

“तो एवढं बोललाच नाय.”

“त्यांची भाषा आखूड असते.”

बारक्या हसला. चार वर्षांत तो मोठ्याने हसल्याची ही एकच वेळ. मग चहा पिता पिता तो लामाकडे बघत राहिला. “याला माहीत आहे,” म्हणाला. “सांगत नाय. माझ्या बासारखा.”

साठ साली आम्ही सुट्टीवर आलो होतो. भरती झालो तेव्हा सगळं मुंबई राज्य होतं, परत आलो तर महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, आणि उधव्याच्या पलीकडे हद्द. बारक्याची आत्या चूलसुद्धा न हलवता परराज्यात गेली होती. मी म्हटलं, जा, बाला विचार सूप का पालथं केलं. तो गेला. पंधरा दिवस बापाबरोबर राहिला, कूड लिंपला, शेताचा बांध घातला. परत येताना मी विचारलं, “मग? काय म्हणाला?”

“विचारलं नाय.”

“का?”

“त्याने सांगितलं नाय.”

त्या घरात दोघेही असेच. सगळी गाणी देवाला, माणसाला काही नाही.

आता पोस्टवरच्या त्या सकाळीकडे येतो. इथून पुढे मी काही वाढवलेलं नाही. उंची साडेतेरा हजार फूट.

पहाटे पाचला गोळाबारी सुरू झाली. साडेसहाला थांबली. धुकं होतं. बंकरच्या तोंडातून दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. सातला बटालियनकडून टेलिफोन आला. शत्रू डाव्या बाजूने खाली उतरून मागे येत होता. हुकूम होता, धुकं आहे तोवर कंपनीने मागच्या धारेवर जायचं. मी तो आमच्या कंपनी कमांडर मेजर साहेबांना शब्दाला शब्द दिला.

मागच्या दोन प्लाटून निघायला वेळ लागणार नव्हता. प्रश्न पुढच्या कड्यावरच्या प्लाटूनचा होता. तिथे जमादार साहेब आणि त्यांचे अठ्ठावीस जवान. नायब सुभेदाराला तेव्हा जमादार म्हणायचे. त्यांना हुकूम पोहोचला नाही तर ते तिथेच लढत राहिले असते, कारण त्यांना तेवढंच सांगितलेलं होतं. मी दांडा फिरवला. लाईन मेलेली. वायरलेस सेटची बॅटरी थंडीने आदल्या दिवशीच बसली होती. धुक्यात झेंडे आणि दिवे निरुपयोगी. मेजर साहेबांनी एक रनर पाठवला. अर्ध्या तासात तो पोहोचला नाही, परतही आला नाही.

“लाईनमन,” मेजर साहेब म्हणाले.

लाईनमन नेहमी जोडीने जातात. बारक्याचा जोडीदार पाय बर्फाने सुजून खाली गेला होता.

“साब, मी जातो याच्याबरोबर,” मी म्हणालो.

“तू टेलिफोनवर बस.”

बारक्याने ड्रम उचलला. ड्रमवर तार थोडीच उरली होती, गोळाबारीत तो आधीच दोनदा जाऊन आला होता. जाताना त्याने माझ्या खिशातून भाजलेल्या बोंबलाचा तुकडा काढून तोंडात टाकला. आईने पाठवलेले. तार मुठीत धरून धुक्यात गेला.

वीस-पंचवीस मिनिटांनी टेलिफोन वाजला.

“टायगर, टेस्टिंग.”

“टायगर ओके. कुठे आहेस?”

“खिंडीत. तुटलंय.”

“जोड.”

“जोडायला काय नाय. पुढची तारच उडालीय. दोनशे हात. ड्रम संपला.”

मेजर साहेबांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून टेलिफोन घेतला. “बारक्या, तिथून कड्यापर्यंत जाता येईल?”

मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. साहेब म्हणाले, “मशीनगन कुठे? ... तिकडे धुकं विरळ आहे? ... कड्याखालच्या नाल्याच्या तोंडावर रोखलेली? ... बरं. म्हणजे नाला ओलांडून कड्यावर जाता येणार नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुझा आवाज पोहोचेल तिथे?”

बराच वेळ ते कानाला टेलिफोन लावून उभे राहिले. मला वाटलं लाईन पुन्हा गेली. मग त्यांनी टेलिफोन माझ्याकडे दिला. “म्हणतो, पोहोचेल.”

मी कानाला लावला. बारक्याने त्याचा टेलिफोन खडकावर ठेवला असावा. वारा ऐकू येत होता. मग कुकारा आला.

चार वर्षं मी त्याच्याबरोबर जेवलो, झोपलो, मार खाल्ला, पण तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लांब, सरळ, कुठेही न थरथरणारा. त्याच्या शेवटी शब्द तोडून तोडून. “जमादार साऽब... मागे याऽ... नाल्यानंऽ.” तेच पुन्हा हिंदीत.

मग मशीनगनचा आवाज. मग त्याचा श्वास टेलिफोनवर.

“उत्तर नाय आलं.”

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “येणार नाही. रात्रीपासून त्यांना आवाज बंद ठेवायचा हुकूम आहे. पुन्हा एकदा दे म्हणावं, आणि परत ये.”

मी सांगितलं. त्याने पुन्हा कुकारा दिला. या वेळी मशीनगन जवळ वाजल्यासारखी वाटली.

“बारक्या, झालं. परत ये.”

“उत्तर नाय आलं, दाम्या.”

“अरे, ते उत्तर देणार नाहीत! त्यांना बोलायला मनाई आहे. हुकूम आहे तुला, परत ये.”

“पोचलं का नाय, कळणार कसं?”

“मेजर साहेबांचा हुकूम आहे!”

“उत्तर आल्याबिगर हलत नाय.”

हे तो रागाने किंवा जोरात म्हणाला नाही. वेशीवर माझा सदरा धरून म्हणाला होता तसंच म्हणाला. तिसरा कुकारा दिला. चौथा दिला. पाचवा मधेच थांबला.

टेलिफोन चालूच होता. वारा ऐकू येत होता. मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही.

आठ वाजून गेल्यावर नाल्यातून माणसं वर आली. एकामागे एक, न बोलता. पुढे सुभेदार साहेब मोजत होते. जमादार साहेब शेवटी आले. एकोणतीस. सगळे.

मी दांडा फिरवला. घंटी पलीकडे वाजत होती हे मला कळत होतं, लाईन जिवंत होती, गाठ पक्की होती.

“टायगर कॉलिंग. बारक्या, आले. सगळे आले. ऐकतोस? सगळे आले.”

मेजर साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला. “कनेक्शन काढ.”

काढलं. आम्ही निघालो. खिंड तोपर्यंत त्यांच्या ताब्यात गेली होती. बारक्याला आणता आलं नाही.

मागच्या धारेवर जमादार साहेबांनी मला सांगितलं ते असं. पहिली हाक ऐकली तेव्हा त्यांना वाटलं एखादं जनावर आहे. दुसऱ्या हाकेला शब्द कळले आणि ते लगेच निघाले. पण नाल्याच्या तोंडावर ती मशीनगन होती, तिथून पार होणं कठीण होतं. तिसऱ्या आणि चौथ्या हाकेला मशीनगन खिंडीकडे वळली. तेवढ्यात प्लाटून नाला पार झाली.

बारक्याला हे दिसत होतं का? म्हणून तो ओरडत राहिला का, की फक्त उत्तराची वाट बघत होता? वरोरला कोणी विचारलं की मी छातीवर हात मारून सांगतो, त्याला सगळं दिसत होतं. खरं म्हणजे मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली. त्याची ट्रंक घेऊन मी उधव्याला गेलो. आई बरोबर आली. पाटी न घेता ती त्या वाटेने पहिल्यांदाच चालत होती. वेशीवर थांबलो आणि मी कुकारा दिला. या वेळी कुत्री भुंकली नाहीत. उत्तर लगेच आलं, म्हातारा वाटच बघत असावा.

तो कुडाला टेकून बसला होता. “तार आली होती,” म्हणाला. “मास्तरानं वाचली. तारेत काय नाय. तू सांग.”

मी सांगितलं. वर लिहिलंय तेवढंच, तसंच. माझ्या आईने मला एकदाही टोकलं नाही. बारक्याला ते दिसत होतं, असं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. बापाला बरं वाटलं असतं. पण म्हातारा माझ्या तोंडाकडे असा बघत होता, सुपातल्या दाण्यांकडे बघतात तसा, की मला जमलं नाही. मी म्हणालो, “उत्तर आलं नाही म्हणून तो हलला नाही. एवढंच मला माहीत आहे.”

मग मी विचारलं. चार वर्षं बारक्याने न विचारलेलं मी विचारलं. “बा, त्याचं सूप पालथं का केलं होतं? तो म्हणायचा, मी कशासाठीच नाही. शेवटपर्यंत त्याला तसंच वाटत होतं.”

म्हाताऱ्याने मान वर केली. “तसं वाटत होतं?”

“हो.”

“आपल्या रक्ताचं बघायचं नाय असं आम्हाला शिकवतात,” तो म्हणाला. “डोळा खोटं बघतो. बापाला पाहिजे तेच दिसतं. म्हणून सूप पालथं करायचं. हे शिकणाराला शेवटच्या दिवशी सांगतात. तो शेवटच्या दिवसापर्यंत बसला कुठं?” मग म्हणाला, “पालथं म्हणजे रिकामा नाय, पोरा. पालथं म्हणजे हा माझा आहे.”

आई पदर तोंडात घालून बाहेर गेली.

मी विचारलं, “मग बा, तो कशासाठी होता?”

“मना नाय माहीत. मी त्याचा बा.” तो हातावर जोर देऊन उठला. “पाच हाका दिल्या म्हणालास?”

“पाच. पाचवी अर्धी.”

तो काठी घेऊन घराबाहेर पडला. मी मागे गेलो. टेकडीवर वाघदेवापाशी जाऊन उभा राहिला, तोंड उत्तरेकडे केलं. काठी खाली ठेवली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि कुकारा दिला. येणाऱ्याला पाड्यातून देतात तो, आत ये म्हणणारा. एकदा. दुसऱ्यांदा. पाड्यातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली. पाच झाले तेव्हा त्याने काठी उचलली.

“राहिलं होतं,” म्हणाला, आणि खाली उतरला.

मी पुढे दहा-बारा वर्षं नोकरी केली आणि हवालदार होऊन घरी आलो. गावात म्हणतात मी सुभेदार होतो, आणि मी त्यांना अडवत नाही. अठरा हजार फूट, मिशी, खेचर, सगळं चालू असतं. भगताने सांगितलंच होतं, हा बोलेल. बोलायचं ते या एका गोष्टीसाठी होतं आणि बाकीचं तिच्याबरोबर आलं, असं मला हल्ली वाटतं. नक्की माहीत नाही. माझे दाणे त्याने पाहिले होते, पण तो माझा बाप नव्हता.

म्हातारा आता नाही. मी दरवर्षी थंडीत एकदा उधव्याला जातो. सुक्या बोंबलाची जुडी वाघदेवापाशी ठेवतो. वाघ बोंबील खातो का असं पाड्यातली पोरं विचारतात. मी सांगतो, हा खातो, याला वरोरचेच लागतात. पण त्याआधी वेशीवर थांबतो. सिपाही बारक्या, लाईनमन, उधवा, असं नाव घेऊन कुकारा देतो. आता उत्तर बारक्याचा पुतण्या देतो. कधी तो शेतात असतो, कधी ओढ्यावर, तेव्हा उशीर लागतो. मी उभा राहतो.